शुक्राचा शिलालेख वाचणार कोण?

सम्राट अशोकाचे शिलालेख या देशातील डोंगरकड्यांवर दोन हजार वर्षांहून अधिक काळ उघड्यावर उभे होते. त्यांच्या सावलीत गुराख्यांनी विसावा घेतला, वाटसरूंनी शिदोऱ्या सोडल्या, राजवटी आल्या आणि गेल्या. पण त्या अक्षरांचा अर्थ सांगणारा मात्र या भूमीत कोणी उरला नव्हता. अखेर १८३७ साली कलकत्त्याच्या टाकसाळीत नाण्यांचा कस तपासणाऱ्या जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि आपला राजा आपल्याला पुन्हा भेटला. दगड आपला, अक्षरे आपली, राजा आपला. वाचक तेवढा परका! प्रिन्सेपचे ऋण मान्य करूनही ही गोष्ट स्वाभिमानी मनाला बोचल्याशिवाय राहत नाही.

ही जुनी बोच आज पुन्हा आठवण्याचे कारण आकाशात आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने शुक्राभोवती फिरणारे यान पाठवण्याच्या मोहिमेस मान्यता दिली. खर्च १,२३६ कोटी रुपये आणि प्रक्षेपणाची नियोजित वेळ मार्च २०२८. सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांनी कायम झाकलेल्या या ग्रहाचे पृष्ठ रडारच्या साहाय्याने न्याहाळणे हा त्या मोहिमेचा एक प्रमुख उद्देश आहे. म्हणजे शुक्राच्या कातळावर निसर्गाने कोरलेला लेख आपल्या हाती येणार आहे. तो वाचणार कोण, हा या लेखाचा प्रश्न आहे. हा प्रश्न इस्रोला जितका आहे, त्याहून अधिक तो आपल्या विद्यापीठांना आहे आणि सर्वांत अधिक आपल्यासारख्या सुशिक्षित घरांना आहे.

पोटशूळ जुनाच

प्रथम नेहमीच्या आक्षेपकांचा समाचार घेऊ. २०१४ साली मंगळयान यशस्वी झाले तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक व्यंगचित्र छापले होते. अंतराळातील श्रीमंतांच्या क्लबच्या दारावर गाय घेऊन आलेला एक भारतीय शेतकरी थाप मारतो आहे, असे ते चित्र. पुढे त्या वृत्तपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली. परक्यांचे सोडा, आपल्याकडील स्वनामधन्य विचारवंतांनीही त्या काळात हाच सूर लावला होता. देशात कुपोषित बालके असताना मंगळावर कशाला जायचे, असा त्यांचा सवाल.

उपाशी माणसाचे नाव घेतले की समोरचा गप्प बसतो, हे या मंडळींना पक्के ठाऊक आहे. पण मंगळयानाचा एकूण खर्च होता सुमारे ४५० कोटी रुपये, आणि तोही अनेक वर्षांत विभागलेला. तेवढी रक्कम वाचवल्याने देशातील दारिद्र्य हटले असते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? शिवाय शुक्राचा अभ्यास हा काही रिकामटेकड्यांचा छंद नव्हे. आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा असलेला हा ग्रह आज सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमानाची भट्टी बनला आहे आणि तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे नव्वदपट आहे. दोन सख्ख्या बहिणींपैकी एकीचा संसार फुलला आणि दुसरीचा होरपळला, तर त्याचे कारण शोधू नये काय? आपल्या पुढच्या पिढ्यांना ज्या भूमीवर राहायचे आहे, तिच्या भवितव्याचे काही धागे त्या होरपळलेल्या भूमीत आहेत.

तेव्हा हा आक्षेप निकाली निघाला असे समजावे. पण खरी अडचण पुढेच आहे. कारण आक्षेपकांना उत्तर देण्याच्या भरात आपण स्वतःला प्रश्न विचारणेच सोडून दिले.

धावते दर्शन आणि प्रदक्षिणा

ग्रहाच्या जवळून निघून जाणारे यान आणि ग्रहाभोवती फिरत राहणारे यान यांत काय अंतर आहे, हे मंगळाच्या इतिहासाने शिकवले आहे. जुलै १९६५ मध्ये अमेरिकेच्या मरिनर-४ यानाने मंगळाचे धावते दर्शन घेतले. जेमतेम एकवीस-बावीस छायाचित्रे मिळाली, ग्रहाच्या पृष्ठाचा शंभरावा हिस्साच काय तो दिसला. त्यात विवरे दिसली आणि मंगळ हा चंद्रासारखाच मृत गोळा आहे असा ग्रह अनेकांनी करून घेतला.

नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर-९ मंगळाभोवती प्रदक्षिणा घालू लागले. दुसऱ्या ग्रहाचा उपग्रह झालेले हे पहिले मानवनिर्मित यान. ते पोहोचले तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. त्याच सुमारास पोहोचलेल्या सोव्हिएत यानांचा कार्यक्रम आधीच ठरवून दिलेला होता, त्यामुळे त्यांची बरीच छायाचित्रे धुळीचीच निघाली. मरिनर-९ ला मात्र पृथ्वीवरून नव्या आज्ञा देता येत होत्या. त्याला थांबवून ठेवले गेले. धूळ बसू लागली आणि तिच्यातून प्रथम चार प्रचंड ज्वालामुखींची शिखरे वर आली. त्यांपैकी ऑलिंपस मॉन्स सुमारे बावीस किलोमीटर उंच. पाठोपाठ चार हजार किलोमीटर लांबीची दरी दिसली आणि एकेकाळी पाणी वाहिल्याच्या खुणा दाखवणारी कोरडी पात्रे दिसली. मृत ठरवलेल्या ग्रहाला इतिहास होता! तो दिसला, कारण कोणीतरी थांबले, पुन्हा पुन्हा पाहिले आणि पाहिलेले समजून घेतले.

प्रदक्षिणेचे मर्म आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. एका फेरीत देव दिसत नाही, हे आपली आजी सांगत आली आहे. मग विज्ञानाच्या बाबतीत आपण धावत्या दर्शनावर समाधान का मानतो?

स्वस्ताईचा अभिमान

२४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ ज्यांनी दूरचित्रवाणीसमोर घालवली, त्यांना ती विसरता येणार नाही. प्रस्तुत लेखकाच्याही डोळ्यांत त्या दिवशी पाणी उभे राहिले होते. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचणे ही असामान्य कामगिरी होती. सहा महिन्यांसाठी बांधलेले ते यान २०२२ पर्यंत टिकले, हेही कौतुकास्पदच.

परंतु त्यानंतर वर्षानुवर्षे आपण अभिमानाने काय सांगत राहिलो? तर यान किती स्वस्तात झाले! हॉलीवूडच्या चित्रपटापेक्षा स्वस्त, रिक्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्त! लेकीच्या लग्नाची गोष्ट सांगताना कोणी फक्त मांडवाच्या घासाघिशीचे कौतुक सांगत बसतो काय?

स्वस्ताईची किंमत काय असते, तेही पाहू. उपलब्ध अग्निबाणाच्या मर्यादेमुळे मंगळयानावर उपकरणे होती पाच आणि त्यांचे एकत्रित वजन होते सुमारे पंधरा किलो. मंगळाभोवती २००६ पासून फिरणाऱ्या अमेरिकेच्या ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’वरील एकट्या मुख्य कॅमेऱ्याचे वजन पासष्ट किलोच्या घरात आहे आणि त्याला जमिनीवरील टेबलाएवढी वस्तू टिपता येते. आपल्या यानाची कक्षा लांबट. सुमारे चारशे किलोमीटरपासून सत्त्याहत्तर हजार किलोमीटरपर्यंत. ते साधारण तीन दिवसांतून एकदा मंगळाजवळ येई. ते दुसरे यान दिवसातून बारा प्रदक्षिणा अगदी जवळून घालते. मिथेन वायू शोधण्यासाठी नेलेले आपले उपकरण त्या कामाला अपुरे पडले आणि त्याचा उपयोग पुढे मंगळपृष्ठाची प्रकाश परावर्तित करण्याची क्षमता मोजण्यासाठी करण्यात आला.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मंगळयान हे प्रामुख्याने तंत्रज्ञानाची चाचणी आहे, असे इस्रोने प्रथमपासूनच सांगितले होते. इस्रो प्रामाणिक होती, आपण नव्हतो. परीक्षेला बसलेल्या मुलाला आपण पदवीधर म्हणून मिरवले आणि पुढचा अभ्यास करायचा असतो हे त्याला सांगायचे विसरलो.

यान आपले, शोध कोणाचा?

चांद्रयान-१ ची कथा याहून बोलकी आहे. चंद्र हा ग्रह नव्हे. पण खडकाळ गोलकाचा कक्षेतून अभ्यास कसा होतो, याचा धडा आपण तेथेच प्रथम गिरवला. ऑक्टोबर २००८ मध्ये निघालेल्या या यानावर अकरा उपकरणे होती. पाच आपली आणि सहा परदेशी. १४ नोव्हेंबर २००८ रोजी आपले आघातयान चंद्रावर आदळले. खाली कोसळताना त्यावरील ‘चेस’ या भारतीय उपकरणाने पाण्याच्या बाष्पाची चिन्हे टिपली. मात्र जगाला ‘चंद्रावर पाणी’ ही वार्ता कळली ती सप्टेंबर २००९ मध्ये, आपल्याच यानावरील अमेरिकी उपकरणाच्या आधारे. कार्ल पीटर्स या विदुषींच्या नेतृत्वाखाली लिहिलेला तो शोधनिबंध होता. त्यात भारतीय शास्त्रज्ञांचीही नावे होती, हे नमूद करायलाच हवे. परंतु ‘चेस’च्या नोंदींवरील आपला शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो २०१० साली, त्यानंतर.

येथे अमेरिकेने काही हिरावून घेतले असे मानणे हा करंटेपणा होईल. त्यांच्याकडे आलेली नोंद तातडीने वाचणारी, तपासणारी, तिच्यावर आपसात भांडणारी आणि मग ठामपणे लिहिणारी माणसे तयार होती. ती माणसे एका रात्रीत तयार होत नाहीत.

तीस वर्षांनी जागा झालेला ज्वालामुखी

वाचणाऱ्याचे मोल किती असते, याचे सर्वांत उत्तम उदाहरण शुक्राचेच आहे. मे १९८९ मध्ये निघालेले अमेरिकेचे मॅगेलन यान ऑगस्ट १९९० मध्ये शुक्राच्या कक्षेत शिरले. वटवाघूळ अंधारात आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते. त्याच न्यायाने हे यान ढगांतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्मलहरी खाली सोडी आणि परत आलेल्या प्रतिध्वनींतून चित्र घडवी. खडबडीत लाव्हा अशा चित्रात उजळ दिसतो, गुळगुळीत मैदान काळसर दिसते. १९९४ पर्यंत मॅगेलनने शुक्राचे ९८ टक्के पृष्ठ नोंदवले. ज्वालामुखींचा सुळसुळाट दिसला, विवरे मात्र हजाराच्या आतच. त्यावरून हे पृष्ठ अवघे काही दशकोटी वर्षांचे, म्हणजे ग्रहाच्या मानाने कोवळे असल्याचे अनुमान निघाले. ते एकाच महापुरासारख्या लाव्हाने झाकले गेले की हळूहळू, हा वाद आजही मिटलेला नाही.

यान नष्ट झाले, नोंदी कपाटात गेल्या. आणि मग मार्च २०२३ मध्ये रॉबर्ट हेरिक व स्कॉट हेन्स्ली या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले की, १९९१ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत शुक्रावरील माट मॉन्सजवळच्या एका ज्वालामुखीचे मुख सुमारे दोन चौरस किलोमीटरवरून जवळजवळ चारपर्यंत रुंदावले होते. शुक्राचा अग्नी आजही धगधगतो आहे! दोन चित्रे निरनिराळ्या दिशांनी घेतलेली असल्याने त्यांची तुलना सोपी नव्हती. यंत्राला न जमलेले काम माणसाच्या चिकाटीच्या नजरेने केले. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, इटालियन शास्त्रज्ञांनी त्याच जुन्या नोंदींतून आणखी दोन ठिकाणचे ताजे लाव्हाप्रवाह शोधून काढले.

वाचकहो, यातील मर्म ध्यानी घ्या. नवे यान नाही, नवा अग्निबाण नाही, प्रक्षेपणाचा जल्लोष नाही. त्या नोंदी तीस वर्षे सर्वांसाठी खुल्या होत्या. दिल्लीतला, पुण्यातला, संभाजीनगरातला कोणीही अभ्यासक त्या उघडून बसू शकला असता. आपल्यापैकी कोणाच्या तरी हातून तो शोध का लागला नाही? पैसा नव्हता म्हणून? त्यासाठी एक संगणक आणि बैठक मारून बसण्याची तयारी पुरेशी होती.

पायाखालचा ग्रह

आता महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खास वेदनेची गोष्ट. शुक्राची विस्तीर्ण मैदाने बेसाल्टची आहेत असे अनुमान आहे, मंगळाची बरीच जमीन बेसाल्टची आहे आणि आपल्या पायाखालचा काळा कातळही बेसाल्टच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडला. कैलास लेणे त्यातूनच कोरले, गड त्यावरच उभे राहिले. परग्रहाचा पाठ गिरवण्यासाठी याहून उत्तम पाटी कोणती?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्टमध्ये उल्काघाताने घडलेले आहे आणि अशी विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते ज्वालामुखीचे नसून आघाताचेच आहे, याचे भक्कम पुरावे भारतीय व अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडले. तिकडे ॲरिझोनात लोणारपेक्षा लहान, जेमतेम सव्वा किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. त्याचा ध्यास घेतलेल्या युजीन शूमेकर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९६३ साली फ्लॅगस्टाफ गावी ग्रहभूशास्त्राचे केंद्र उभे केले. चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांनी तेथे दगड ओळखण्याचे शिक्षण घेतले. पुढे ग्रहांचे कितीतरी भूशास्त्रीय नकाशे त्या केंद्रातून निघाले. एका लहान विवराच्या काठी एका राष्ट्राने शास्त्र उभे केले. मोठ्या विवराच्या काठी आपण सहलीचे डबे उघडले!

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानासाठी एका जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयात जाण्याचा योग आला. तेथील भूशास्त्राचा विभाग विद्यार्थ्यांअभावी बंद झाला होता. जुन्या प्राध्यापकांनी डोंगर पायी तुडवून जमवलेले दगड, प्रत्येकावर सुबक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी, हे सारे एका लाकडी पेटीत जिन्याखाली पडले होते. शिपायाने सांगितले, “साहेब, टाकून द्यायला सांगितलंय, पण मन होत नाही.” कला शाखेचा पदवीधर असलेल्या या लेखकाला त्या दगडांची नावे वाचता आली नाहीत, हे कबूल करतो. पण त्या शिपायाला जे कळले होते, ते आपल्या शिक्षणधुरिणांना कळू नये याची खंत आजही जात नाही.

आणि दोष केवळ धुरिणांचा आहे काय? आपल्या घरात मुलीने ‘मला भूशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हटले तर आपला पहिला प्रश्न कोणता असतो? ‘त्यात नोकरी काय लागणार?’ यान उडते तेव्हा पेढे वाटणारे आपण. पण त्या यानाने पाठवलेल्या नोंदी वाचणारा मुलगा आपल्या घरात नको, शेजारच्या घरात हवा!

आपल्याच काही उत्साही बांधवांना आणखी एक सांगणे आहे. प्रत्येक शोधानंतर ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याची सवय आता सोडावी. नुसत्या डोळ्यांनी ग्रहांच्या गती मोजणारे आपले पूर्वज रात्रीमागून रात्री जागत होते. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर जागरणही चालवले पाहिजे.

संधी तीन वर्षांची

ही कळकळ आजच का? जपानच्या अकात्सुकी यानाशी एप्रिल २०२४ मध्ये संपर्क तुटला आणि शुक्राभोवतीचे शेवटचे कार्यरत यान गेले. अमेरिकेचे व युरोपचे पुढील रडारवाहक यान २०३१ च्या आधी निघण्याचे नियोजन नाही. म्हणजे आपले वेळापत्रक पाळले गेले, तर शुक्राकडे पाहणारे नवे रडार जवळपास तीन वर्षे केवळ भारताचे असेल. मॅगेलनच्या चित्रांशेजारी आपली चित्रे ठेवून, मधल्या साडेतीन दशकांत कोणता ज्वालामुखी फुटला, कोणता लाव्हा वाहिला, हे सांगण्याची पहिली संधी आपली असेल. यंत्राच्या बाबतीत चिंता नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडवलेले रडार निसार उपग्रहावरून जुलै २०२५ मध्ये अंतराळात गेले आहे. तेथीलच भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ग्रहविज्ञानाचे उत्तम कामही चालते. पण एक-दोन संस्थांचे मूठभर तज्ज्ञ संपूर्ण ग्रह वाचू शकत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. मोहिमेच्या खर्चातील ठरावीक हिस्सा नोंदींच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा आणि तो विद्यापीठांपर्यंत पोहोचवावा. नोंदी ठरलेल्या मुदतीत सर्वांना खुल्या कराव्यात. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी ग्रहभूशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू करावा. त्याची प्रयोगशाळा सह्याद्रीच्या आणि लोणारच्या रूपाने निसर्गाने फुकट दिली आहे. मॅगेलनच्या जुन्या चित्रांवर आजपासूनच विद्यार्थ्यांचा हात बसू द्यावा. २०२८ ची वाट पाहत बसलो, तर नोंदी येतील तेव्हा वाचक शोधत फिरावे लागेल.

शुक्राच्या नकाशावर आजही आपली नावे आहेत. तेथील एका उंच पठाराला लक्ष्मीचे नाव आहे. आणि सुमारे चौतीस किलोमीटर व्यासाच्या एका विवराला कल्याणात जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आहे. लोकांनी नावे ठेवली, तरी ती मुलगी समुद्र ओलांडून शिकायला गेली. ‘बाईला डॉक्टर होऊन काय करायचे’ हा तिच्या काळातील प्रश्न होता. ‘भूशास्त्र शिकून काय करायचे’ हा आपल्या काळातील आहे. आनंदीबाईंच्या विवरावरून आपले रडार जेव्हा फिरेल, तेव्हा आलेल्या नोंदीतील पहिले अक्षर लावणारी मुलगी आपल्यापैकी कोणाच्या तरी घरातील असावी. ती आज आठवी-नववीत असेल. तिला अडवू नका, एवढेच मागणे आहे.